संगमेश्वरचे उपाहारगृह : पदार्थ, वेळ आणि वाढप

लघुउद्योगांचा अभ्यास करताना आपण उदाहरणे घेतो ती बहुधा यंत्रमागाची, तेलघाण्याची, विटभट्टीची किंवा फार तर काजूप्रक्रियेची. उपाहारगृहाचे उदाहरण सहसा घेतले जात नाही. ते रोजच्या पाहण्यातील असल्यामुळे त्यात अभ्यासण्यासारखे काही असेल असे वाटत नसावे. वस्तुतः मुंबईची नोकरी संपवून चार पैसे गाठीला बांधून कोकणात परतणाऱ्या माणसाच्या मनात जे धंदे घोळतात, त्यांत ‘एखादे हॉटेल टाकावे’ हा विचार फार वरचा असतो. (येथे ‘हॉटेल’ या शब्दात मुक्कामाची सोय अभिप्रेत नाही, हे परप्रांतीय वाचकांस सांगावयास हवे. दोन बाकडी, एक स्टोव्ह आणि बरणीतील खारी बिस्किटे एवढ्यावरही आपल्याकडे हॉटेल होते.) असे हॉटेल काढणाऱ्याचे भांडवल थोडे असते, ते सारे एकाच जागी गुंतलेले असते आणि धंदा बुडाला तर पुन्हा मुंबईस जाण्याचे त्याचे वय उरलेले नसते. तेव्हा काय रांधावे, केव्हा रांधावे आणि कसे वाढावे हे प्रश्न त्याच्या दृष्टीने किरकोळ नाहीत. प्रस्तुत लेखात ते रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर या गावाच्या संदर्भात तपासावयाचे आहेत.

जागेचा विचार

संगमेश्वर हे तालुक्याचे नाव असले तरी तालुक्याची कचेरी देवरुखला आहे. हा तपशील उपाहारगृहाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. कचेरी, न्यायालय, दस्तनोंदणी यांच्या आसपास जी चहाची दुकाने चालतात त्यांचे गिऱ्हाईक ठराविक असते : पक्षकार, कारकून, तलाठी, कागद लिहिणारे. ते सकाळी अकराला येते, दुपारी जेवते, पाचला जाते. हे गिऱ्हाईक मुख्यतः देवरुखचे. संगमेश्वरच्या वाट्याला आले ते वाटेवरचे गिऱ्हाईक. पूर्वी ही वाट पाण्याची होती. शास्त्री आणि सोनवी यांच्या संगमावरील या पेठेपर्यंत जयगडच्या खाडीतून गलबते येत, आणि घाटमाथ्याचा माल येथून खाली उतरे. नदी गाळाने भरत गेली तशी बंदराची वर्दळ ओसरली. पुढे मुंबई-गोवा रस्ता पेठेजवळून गेला. त्याचा क्रमांक आधी सतरा होता, २०१० सालच्या फेररचनेत तो सहासष्ट झाला. १९९८ च्या प्रजासत्ताक दिनी कोकण रेल्वे पूर्णत्वाने सुरू झाली आणि ‘संगमेश्वर रोड’ हे स्थानक गावाच्या नावाला जोडले गेले.

बंदर, रस्ता आणि रेल्वे या तिहींची एक समान खूण आहे. त्यांच्यावर येणारा माणूस थांबेल की नाही हे गावाच्या हाती नसते. रस्ता अरुंद, वळणाचा आणि गाड्या धिम्या होत्या तेव्हा मुंबईहून राजापूर-कणकवलीकडे जाणाऱ्याला वाटेत दोनतीन ठिकाणी थांबणे भागच होते. रस्त्याचे चौपदरीकरण २०११ साली पनवेलच्या बाजूने सुरू झाले आणि ते किती रखडले हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु जेथे ते पुरे होते तेथे परिणाम एकच दिसतो : गाडीचा वेग वाढतो, रस्ता बाजारपेठेतून उचलला जातो आणि थांबा दूरच्या, मोठे अंगण असलेल्या, स्वच्छतागृहांची रांग बांधलेल्या प्रशस्त उपाहारगृहाकडे सरकतो. लहान दुकानदाराने त्या उपाहारगृहाशी त्याच्याच पद्धतीने स्पर्धा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पन्नास माणसांची बस एकदम उतरली तर तिला पुरे पडण्यासाठी लागणारी जागा, भांडी आणि हात त्याच्याजवळ नसतात.

मग उरते कोण? गावातील माणूस, आसपासच्या वाड्यांतून बाजाराला व दवाखान्याला येणारा माणूस, रेल्वेची वाट पाहणारा, आणि मुद्दाम येणारा पाहुणा. या चौथ्या प्रकारात अलीकडे भर पडली आहे. कसबा संगमेश्वर येथील कर्णेश्वराचे प्राचीन मंदिर पाहण्यास अभ्यासू लोक पूर्वीपासून येत. १६८९ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराज याच कसब्यात मोगलांच्या हाती सापडले, या स्मृतीने येणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत वाढली आहे. मार्लेश्वरची मकरसंक्रांतीची यात्रा, राजवाडी व तुरळ येथील गरम पाण्याची कुंडे हीही निमित्ते आहेत. गावातील माणसाविषयी मात्र एक सावधगिरी हवी. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली सुमारे १६ लाख ९७ हजार होती, ती २०११ च्या जनगणनेत सुमारे १६ लाख १५ हजारांवर आली, आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया अकराशेंहून अधिक आढळल्या. कमावत्या वयाचा पुरुष बाहेर आणि वृद्ध, स्त्रिया व मुले घरी, असा हा प्रदेश आहे. हॉटेलात बसणे ही आपल्याकडे दीर्घकाळ पुरुषांची सवय समजली गेली. ज्या गावात स्त्रियांचे प्रमाण अधिक आहे तेथील हॉटेलात स्त्रीला निःसंकोच बसता येत नसेल, तर धंद्याने आपले अर्धेअधिक गिऱ्हाईक आधीच नाकारले असा त्याचा अर्थ होतो.

घरचे पदार्थ दुकानात का नाहीत

कोकणाने मुंबईच्या खाद्यव्यवसायाला पुष्कळ दिले. गिरणगावातील खाणावळी कोकणी आणि घाटी कामगारांच्या जेवणावर उभ्या राहिल्या. त्या चालविणाऱ्या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. दादरला मामा काणे यांचे स्वच्छ उपाहारगृह १९१० पासून चालत आले. वडापावाची कल्पना १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांना सुचली असे सांगितले जाते. पुढे नवल असे की, हेच पदार्थ मुंबईहून उलटे कोकणात आले. महामार्गावरील लहान हॉटेलच्या फळ्यावर पाहावे तर वडा, भजी, मिसळ, पुरी-भाजी, आणि उडपी मंडळींच्या मार्गाने आलेले इडली-डोसे. घावन, आंबोळी, कुळथाची पिठी, तांदळाची उकड, दडपे पोहे, सांदण, तवसोळी हे पदार्थ त्याच हॉटेलच्या मागच्या खोलीत मालकाच्या घरात होत असतात, पुढे येत नाहीत.

याचे कारण लोक आपल्या पदार्थांना कमी लेखतात, असे एक वाक्य नेहमी ऐकू येते. त्यात थोडे तथ्य आहे, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. घरी फुकट मिळते ते विकत कोण घेईल, हा विचार गावच्या गिऱ्हाइकापुरता बरोबर आहे. बाहेरून येणाऱ्यास तो लागू पडत नाही. खरे कारण दोन ठिकाणी शोधावे लागते : पदार्थ तयार होण्याच्या वेळेत आणि तो करणाऱ्या हातांच्या मोबदल्यात.

वेळेचा मुद्दा आकड्यांनी स्पष्ट होईल. पुढील आकडे केवळ गणितासाठी गृहीत धरले आहेत. बिडाच्या एका तव्यावर एक घावन निघण्यास तीन मिनिटे लागतात आणि एका बशीत दोन घावने द्यावयाची, असे समजू. (पहिले घावन तव्याला चिकटते, हे घरोघरी ठाऊक आहे. ते हिशेबात धरलेले नाही.) बस पंधरा मिनिटे थांबली तर एका तव्यावर पाच आणि दोन तव्यांवर दहा घावने होतील, म्हणजे पाच बशा. चाळीस उतारूंपैकी निम्म्यांनी जरी खावयाचे मनात आणले, तरी पंधरा जण उपाशी गाडीत चढतील, आणि जे चढतील ते पुन्हा त्या दुकानाकडे पाहणार नाहीत. आता वडा घेऊ. बटाट्याची भाजी सकाळीच करून ठेवलेली, पीठ कालवलेले. एका घाण्यात बारा वडे आणि घाण्यास पाच मिनिटे धरली, तर पंधरा मिनिटांत छत्तीस आणि बस येण्यापूर्वी काढून ठेवलेला एक घाणा धरून अठ्ठेचाळीस वडे, म्हणजे चोवीस बशा. वडा महामार्गावर का जिंकला, याचे उत्तर चवीत शोधण्याची गरज नाही. ते कढईच्या तोंडाच्या रुंदीत आहे.

मिसळीचेही तसेच. कट सकाळी एकदा केला की दिवसभर मंद आचेवर राहतो, उसळही तशीच, आणि फरसाण तर दुसऱ्याने तळलेले विकत आणलेले. गिऱ्हाईक आल्यावर उरते ते केवळ एकत्र करणे. ज्या पदार्थाचे शेवटचे काम सर्वांत थोड्या वेळाचे, तो घाईच्या जागी टिकतो.

परंतु आपल्या दुकानदारास बस सोडून द्यावयाची आहे, हे वर ठरले. रेल्वेची वाट पाहणाऱ्याजवळ पाऊण तास असतो. गाडीला उशीर झाला तर दोन तास असतात, आणि पावसाळी वेळापत्रकात गाड्या मुद्दामच धिम्या चालविल्या जातात. मुद्दाम आलेला पाहुणा तर बसावयासच आलेला असतो. अशा गिऱ्हाइकाला घावन देता येते. किंबहुना घावन हा लहान हॉटेलला फार अनुकूल पदार्थ आहे. त्याचे पीठ आंबवावे लागत नाही. तांदूळ भिजवून वाटले किंवा पिठी पाण्यात सैलसर कालवली की पुरे. गिऱ्हाईक आले तर तवा तापवावा, न आले तर पिठी डब्यात राहते. आंबोळीचे पीठ आदल्या रात्री वाटावे लागते, उडीद-मेथी घालून आंबवावे लागते, म्हणजे उद्या किती माणसे येतील हे आज ठरवावे लागते. अंदाज चुकला तर दुसऱ्या दिवशी ते पीठ आंबट होते. घरात दोन्ही पदार्थ सारखेच आवडीचे असले, तरी दुकानात आंबोळी हा अंदाजाचा पदार्थ आहे आणि घावन हा मागणीचा. आंबोळी निश्चित वाराला, बाजाराच्या किंवा सुटीच्या दिवशी ठेवावी. घावन रोज असावे.

कुळथाची पिठी या दृष्टीने उपेक्षित राहिलेला पदार्थ होय. भातकापणीनंतरच्या जमिनीत कुळीथ होतो. भाजून दळलेले त्याचे पीठ नीट ठेवले तर कित्येक महिने टिकते, आणि लसणीची फोडणी व आमसूल घालून दहापंधरा मिनिटांत पिठी तयार होते. गरम भात, पिठी, पोह्याचा पापड आणि ताक एवढे जेवण पावसाळ्यात ओल्या अंगाने आलेल्या माणसास दिले, तर तो पंचपक्वान्नांची आठवण काढणार नाही. सोलकढीच्या बाबतीत दोन द्रव्यांचे आयुष्य वेगळे आहे, हे ध्यानात ठेवावे. कोकमाचे आगळ मिठामुळे वर्षभर राहते, नारळाचे दूध उन्हाळ्यात काही तासांतच बिघडते. सकाळी पातेलेभर कढी करून रात्रीपर्यंत वाढणे हे चवीच्या आणि आरोग्याच्या दोन्ही दृष्टींनी गैर. आगळ बरणीत तयार असावे, दूध थोडे थोडे काढावे. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली आणि हापूस आंब्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याच भागातील हॉटेलात जेवणानंतर परप्रांतीय कंपनीचे बाटलीबंद पेय पुढे यावे, हे दृश्य अजून दुर्मीळ झालेले नाही.

उरलेल्या मालाचे गणित

पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या विषयाचा सर्वांत उद्बोधक भाग हा आहे. उद्या किती माल करावा हा प्रश्न गणिती अर्थशास्त्रात ‘वृत्तपत्र-विक्रेत्याचा प्रश्न’ म्हणून ओळखला जातो. सकाळी घेतलेले अंक संध्याकाळी रद्दी होतात, आणि कमी घेतले तर गिऱ्हाईक परत जाते. त्याचे मूळ एजवर्थने १८८८ साली बँकेने रोकड किती राखावी यासंबंधी केलेल्या विवेचनात सापडते. बँकेची रोकड आणि हॉटेलची आंबोळी यांना एकच सूत्र लागू पडावे, यात शास्त्राचा गौरव आहे असे मी मानतो.

एका बशीस बारा रुपये खर्च येतो आणि ती तीस रुपयांस विकली जाते, असे समजा. एक बशी कमी पडली तर अठरा रुपयांचा लाभ हुकतो, एक जास्त झाली तर बारा रुपये बुडतात. अठरास तिसाने भागले असता सहा दशांश येतात. याचा अर्थ असा की दहा दिवसांपैकी सहा दिवस माल पुरेल आणि चार दिवस कमी पडेल, इतकाच तो करावा. कधीही कमी पडू न देणारा दुकानदार उदार दिसतो, पण तो तोट्यात असतो. उलट रोज दुपारी बारालाच ‘संपले’ म्हणणारा चतुर दिसतो. तोही हिशेबात चुकतो.

आता उकडीचा मोदक घ्या. नारळ, गूळ, तांदळाची पिठी, तूप आणि मुख्य म्हणजे कळ्या पाडणाऱ्या हाताची मजुरी धरून त्यास वीस रुपये पडतात आणि तो तीस रुपयांस जातो, असे धरू. हुकणारा लाभ दहा, बुडणारा खर्च वीस. गुणोत्तर एक तृतीयांश. म्हणजे तीन दिवसांपैकी दोन दिवस मोदक कमी पडावेत, इतकेच ते करणे हिताचे. सामान्य दिवशी मोदक न ठेवणाऱ्या हॉटेलवाल्यास आपण आळशी म्हणतो, पण त्याने न शिकता हेच गणित सोडविलेले असते. मात्र संकष्टीच्या दिवशी सारे चित्र पालटते. मागणी आधी कळलेली, शक्य तर नोंदविलेली, पैसे आगाऊ घेतलेले. अनिश्चितता गेली की गुणोत्तराची गरजच उरत नाही.

यावरून एक गोष्ट निघते, आणि ती आपल्या प्रदेशापुरती तरी पुस्तकांत आढळत नाही. लहान गावातील उपाहारगृहाचा मागणीचा अंदाज भिंतीवर टांगलेला असतो. जयंतराव साळगांवकरांनी १९७३ साली सुरू केलेली ‘कालनिर्णय’ दिनदर्शिका बहुतेक दुकानांत आहेच. एकादशीस साबुदाण्याची खिचडी आणि वऱ्याचे तांदूळ, संकष्टीस चंद्रोदयानंतर मोदक, श्रावणात मासळीचा खप जवळजवळ शून्य आणि गणपतीत व शिमग्यात चाकरमानी आल्यामुळे गावाची वस्ती फुगलेली. हे सारे वर्षभर आधी छापलेले असते. रमजानच्या महिन्यात कसब्याकडील आणि खाडीकाठच्या वस्त्यांतील मुसलमान गिऱ्हाईक दिवसा येत नाही, सूर्यास्तानंतर येते, हेही त्यात पाहता येते. शहरातील कंपन्या असा अंदाज मिळविण्यासाठी तज्ज्ञ नेमतात.

ऋतूंचा हिशेब याला जोडून येतो. फाल्गुनात कोवळ्या फणसाची भाजी आणि ओल्या काजूगरांची उसळ करता येते. काजूगर महाग पडतात, म्हणून उसळ वाटीने द्यावी व तशीच किंमत लावावी. वैशाखात बरका फणस पिकला की सांदणे, आणि आंबा. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीस बंदी असते. तेव्हा ताजी मासळी देऊ म्हणणाऱ्याने ती कोठून आणली, हे विचारावे. त्या दिवसांत सुक्या बोंबलाची किंवा सोड्यांची आमटी वाढणे अधिक प्रामाणिक. मासळी ठेवावी की नाही याविषयी मतभेद होतील. माझ्या मते, वीस माणसे बसू शकतील एवढ्या दुकानात एकच चूल आणि एकच मोरी असते, तेथे दोन्ही प्रकार चालवू पाहणे म्हणजे दोन्ही गिऱ्हाइकांचा विश्वास गमावणे. मालकाने एक बाजू निवडावी. दोहोंचीही गिऱ्हाइके संगमेश्वरला आहेत.

दुधाची एक अडचण सांगून पुढे जातो. कोकण दुधाच्या बाबतीत स्वयंपूर्ण नाही. चहाचे दूध बरेचसे घाटावरून पिशवीतून येते, भाजीपालाही कोल्हापूरकडून आंबा घाटाने उतरतो. मुसळधार पावसात घाट बंद पडला की त्या दिवशी फळ्यावर काय लिहावयाचे, हे आधीच ठरलेले असावे. तांदूळ, कुळीथ, नारळ, कोकम यांवर उभे असलेले दुकान अशा दिवशी उघडे राहते. बटाटा, पाव आणि दूध यांवर उभे असलेले बंद राहते.

हातांचा मोबदला

घरचे पदार्थ पुढे न येण्याचे दुसरे कारण वर सूचित केले, त्याकडे आता वळू. नारळ खवणे, वाटणे, दूध पिळणे, मोदक वळणे, फणस फोडून गरे काढणे ही कामे घरात स्त्रिया करतात आणि त्यांची मजुरी कोणी धरत नाही. त्यामुळे ‘घरगुती’ पदार्थ स्वस्त असतो, असा समज रूढ झाला आहे. तो स्वस्त नाही. त्याच्या किमतीचा मोठा भाग कोणी तरी न मागता सोसलेला असतो. हॉटेलवाला हे पदार्थ विकू लागतो तेव्हा दोन मार्ग असतात. एकतर मागच्या खोलीत बायको, आई आणि सून यांनी पहाटे चारपासून राबावे आणि गल्ल्यावर मालकाने बसावे, किंवा त्या कामाची रीतसर मजुरी धरून सोलकढीची किंमत लावावी. पहिल्या मार्गाने चालणारी दुकाने पुष्कळ आहेत, आणि घरातील सून नोकरीस लागली किंवा सासूचे गुडघे थकले की ती अकस्मात बंद का पडतात, याचे कारणही तेच आहे. ताळेबंदात ज्या खर्चाची नोंदच नव्हती, तो एक दिवस एकदम समोर येतो.

दुसरा मार्ग कठीण आहे, पण अशक्य नाही. महिला बचत गटांकडून घावनपिठी, कुळीथपीठ, आगळ, आंबापोळी, फणसपोळी ठरल्या दराने घेता येतात. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ आणि ‘उमेद’ अभियान यांच्यामार्फत असे गट उभे राहिले आहेत, आणि २०२० पासून सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारची अनुदान योजनाही आहे. दुकानात शेवटचे काम तेवढे राहते, आणि वड्याने जो लाभ मिळविला तोच घावनालाही मिळू लागतो. गिरणगावातील खाणावळवालीला कर्ज मिळाले तेव्हा तिच्या स्वयंपाकाला प्रथमच धंद्याचे रूप आले. येथेही प्रश्न तोच आहे, फक्त गाव लहान आहे.

वाढप

वाढपाचा इतिहास आपल्याकडे पंक्तीचा इतिहास आहे, हे विसरून चालणार नाही. जुन्या उपाहारगृहांच्या पाट्यांवरील ‘स्वच्छ’ किंवा ‘ब्राह्मणी’ ही विशेषणे पदार्थाविषयी जेवढे सांगत, तेवढेच तो कोणी रांधला व शेजारी कोण बसेल याविषयीही सांगत. दलित गिऱ्हाइकासाठी वेगळी कपबशी, ती त्यानेच विसळून ठेवावयाची, ही रीत महाराष्ट्रातील कित्येक गावांत होती. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना वि. दा. सावरकरांनी १९३३ साली अखिल हिंदू उपाहारगृह सुरू केले आणि तेथे पूर्वास्पृश्य माणसाच्या हातून चहा दिला जाई. या जिल्ह्यातील एका लहान शहरात हॉटेल हे सामाजिक प्रयोगाचे साधन झाले, याची नोंद आपल्या अभ्यासात व्हावयास हवी. त्याच्या नावातील मर्यादाही नोंदवावयास हवी. ज्या तालुक्यात कोकणी मुसलमानांच्या जुन्या वस्त्या आहेत, तेथे ‘अखिल’ हा शब्द पुरा पडत नाही. ही मर्यादा राज्यघटनेने ओलांडली. १५ व्या अनुच्छेदात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा स्पष्ट नामनिर्देश आहे. १९५५ चा अस्पृश्यताविषयक कायदा, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले, त्यातही असा मज्जाव हा अपराध ठरविला आहे. आज वेगळी कपबशी उघडपणे दिसत नाही. कागदी पेल्याने तो प्रश्न सोडविला की झाकला, याचा विचार वाचकांनी करावा.

प्रत्यक्ष व्यवहारात वाढपाच्या चार गोष्टी लहान दुकानास फार उपयोगी पडतात. स्त्रियांसाठी आतून कडी लागणारे, पाणी असलेले, स्वच्छ शौचालय ही पहिली. फळ्यावरील कोणत्याही पदार्थापेक्षा तिच्यामुळे अधिक गाड्या थांबतील. पावसाळ्यात पिण्याचे पाणी उकळलेले आणि कोमट द्यावे. भांडी धुण्याची जागा गिऱ्हाइकास दिसेल अशी असावी, कारण डोळ्यांआड धुतलेल्या भांड्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. आणि फळा. छापील पत्रिकेवर चाळीस पदार्थ असले की त्यांतील तीस ‘आज नाही’ असतात. खडूने लिहिलेले सात पदार्थ असावेत आणि संपलेला पदार्थ तत्काळ पुसला जावा. २०१८ पासून राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आहे. परसात केळ असताना त्यांची आठवण होण्याचेही कारण नाही.

फळ्यावर कोणती भाषा असावी, हेही सांगितले पाहिजे. रत्नागिरीकडील हॉटेलांवर अलीकडे सर्रास ‘मालवणी’ अशी पाटी दिसते, कारण पर्यटकास तो शब्द ठाऊक असतो. संगमेश्वरी बोली जशी मालवणीहून निराळी, तसा येथील स्वयंपाकही पुष्कळ निराळा आहे. घावनास घावन आणि पिठीस पिठीच म्हणावे. न कळल्यास गिऱ्हाईक विचारते, आणि विचारपूस झाली की ते जरा अधिक वेळ बसते.

राहिला प्रश्न नोंदींचा. विभागातील विद्यार्थ्यांना या विषयावर काम करावयाचे असेल तर एक सूचना करतो. विकल्या गेलेल्या बशांची संख्या ही मागणी नव्हे. माल संपल्यानंतर आलेले गिऱ्हाईक त्या आकड्यात दिसत नाही, आणि म्हणून केवळ गल्ल्यावरून केलेला अंदाज नेहमी कमी भरतो. दुकानात एक वही ठेवावी. रोज प्रत्येक पदार्थ किती केला, किती उरला, आणि संपला असल्यास किती वाजता संपला, एवढेच तीत लिहावे. त्यापुढे ‘नाही’ ऐकून किती जण परतले, याच्या उभ्या रेघा ओढाव्यात. एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत ही वही भरली, तर संगमेश्वरला उद्या किती आंबोळ्या कराव्यात हे सांगता येईल.